‘पातळ थर’ म्हणजे नेमका किती? : एका बाळाच्या तीव्र इसबाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या मुलीचे आहे. तिला येथे छकुली म्हटले आहे. चाळ, दवाखाना, रुग्णालय आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी एका खासगी कचेरीत हिशेबाचे काम करते. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. योग्य निदान झालेले असताना आणि योग्य मलम घरात असताना माझी मुलगी आणखी पाच महिने खालावत गेली. ते कसे घडले, हे मला क्रमाने मांडायचे आहे. तिला दिलेल्या मलमांची नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण दुसऱ्या बाळाचे वय, वजन आणि त्वचा वेगळी असते.

पार्श्वभूमी

आम्ही लालबागमधील एका जुन्या चाळीत राहतो. खोली दहा बाय सोळा फुटांची असून तिच्यातच ओटा आणि मोरी आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि छकुली अशी पाच माणसे. नळाला पाणी पहाटे काही तासच येते, ते पिंपात भरून दिवसभर पुरवावे लागते. छकुलीचे बाबा रेल्वेत पाळीने काम करतात. मला लहानपणी दमा होता आणि त्यांना धुळीने शिंका येण्याचा जुना त्रास आहे. या दोन्ही गोष्टींचा बाळाच्या त्वचेशी संबंध असू शकतो, हे आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते.

छकुलीचा जन्म डिसेंबरातला. चाळीस दिवस मालीशवाली बाई येत होती. तेल, डाळीचे पीठ, ऊन पाणी आणि नंतर ओव्या-वेखंडाची धुरी असा नेहमीचा क्रम होता. मार्चअखेरीस गाल लाल आणि खरखरीत दिसू लागले. उन्हाळा असल्यामुळे सगळ्यांनी त्याला घामोळे म्हटले आणि मी पावडर लावत राहिले. मे महिन्यापर्यंत पोटऱ्यांवर आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे उठले, त्यांतून लस येऊन खपल्या धरू लागल्या. लंगोटाखालची जागा मात्र स्वच्छ होती. तान्ह्या बाळांच्या इसबाची ही नेहमीची खूण आहे, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. हा आजार बहुतेक मुलांत पहिल्या वर्षातच सुरू होतो, आधी गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू धरतो, आणि मूल मोठे झाले की कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत जाऊन बसतो. घामोळ्याचे बारीक दाणे असतात. खरखरीत, कोरडे, लस येणारे चट्टे घामोळ्यात येत नाहीत. तेवढा फरक माहीत असता तर दोन महिने वाचले असते.

केमिस्टकडचे मलम

जूनमध्ये मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले आणि बाळाच्या अंगावर लावायला काहीतरी मागितले. चिठ्ठी कुणी विचारली नाही. मिळालेल्या मलमाने तीन दिवसांत गाल नितळ झाले आणि घरात सुटकेचा श्वास सुटला. मलम बंद केल्यावर आठवड्याभरात चट्टे परतले, आणि ते आधीपेक्षा लाल होते. असे तीन वेळा झाले. त्या मलमात क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड होते, जे अंगावर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटात मोडते. सोबत एक प्रतिजैविक आणि एक बुरशीविरोधी औषध होते. अशी स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणली. सहा महिन्यांच्या बाळाच्या गालांवर मी काय लावत होते, हे समजल्यावर मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

त्याच सुमारास मजल्यावरच्या एका ताईंचा चेहरा गोरे करणाऱ्या मलमाने बिघडल्याचे सगळ्यांना कळले होते. त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसत होत्या आणि उन्हात गेले की आग होत होती. कारण स्टिरॉइडच होते. त्यामुळे ‘स्टिरॉइड’ हा शब्द आमच्या घरात आला तो भीती घेऊनच आला, आणि ती भीती निराधार नव्हती. पुढचे सगळे समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागेल.

निदान आणि पहिला चुकलेला निर्णय

सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, छकुली नऊ महिन्यांची असताना आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्या दिवसांत लालबागमधून टॅक्सी निघत नाही, म्हणून तिला दुपट्यात गुंडाळून गर्दीतून चालतच न्यावे लागले. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की हा इसब आहे, ज्याला ते अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. चेहऱ्यासाठी एक सौम्य स्टिरॉइड मलम, अंगासाठी एक मध्यम शक्तीचे, आणि दिवसातून अनेकदा लावायचे मॉइश्चरायझर, अशी चिठ्ठी मिळाली. मलमांपुढे लिहिले होते, ‘पातळ थर, दिवसातून एकदा, सात दिवस’.

मी विचारले, “यात स्टिरॉइड आहे का?” ते म्हणाले, “हो, पण सुरक्षित आहे.” बाहेर तीस माणसे खोळंबली होती. मी आणखी काही विचारले नाही आणि त्यांनीही आणखी काही सांगितले नाही.

घरी मी ‘पातळ’ या शब्दाचा अर्थ माझ्या भीतीने लावला. करंगळीच्या टोकावर वाटाण्याएवढे मलम घ्यायचे, ते दोन्ही पायांना पुरवायचे, त्वचा जरा मऊ पडली की तिसऱ्या दिवशी थांबायचे, असा माझा नियम झाला. सासूबाईंचे म्हणणे होते की अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, ती आत दाबू नये. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण मलाही मनातून थांबायचेच होते. आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. मी कचेरीत असताना मलम लावण्याचे काम सासूबाईंकडे असे आणि त्या ते लावत नसत. आणि छकुलीचे बाबा रात्रपाळीहून आले की सकाळी मीच लावले असेल असे समजून गप्प राहत.

सगळ्यात स्पष्ट पुरावा माझ्या नंतरच्या हिशेबातून मिळाला. डिसेंबरअखेरीस उघडलेली १५ ग्रॅमची ट्यूब चाळीस दिवस पुरली, म्हणजे दिवसाला सरासरी पाव ते अर्धा ग्रॅम. प्रत्यक्षात किती लागायला हवे होते? १९९१ साली ब्रिटनमधील लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी यासाठी एक सोपे माप मांडले. ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून सांध्याच्या रेषेपर्यंत, मलमाची सरळ रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या एका हाताला अशा दीड रेघा आणि एका पायाला दोन रेघा लागतात. छकुलीचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय भरलेले होते, म्हणजे एका वेळी सात रेघा, साडेतीन ग्रॅम. ती ट्यूब चार दिवसांत संपायला हवी होती. मी हव्या त्या मात्रेच्या जेमतेम नवव्या भागाएवढे मलम लावत होते, आणि ‘स्टिरॉइड देऊनही गुण येत नाही’ असे सगळ्यांना सांगत होते.

आहारातली काटछाट

ऑक्टोबरात कुणीतरी सुचवले म्हणून आम्ही रक्ताची ऍलर्जी चाचणी करून घेतली. अहवालात दूध, अंडे, गहू, शेंगदाणा आणि कोळंबी यांपुढे कमी-अधिक खुणा होत्या. आम्ही ते सगळे बंद केले, आणि मी अंगावर पाजत असल्यामुळे माझेही बंद झाले. तीन महिने मी मुगाची खिचडी आणि दुधी खाऊन काढले. छकुलीचे वजन थांबले. इसबात फरक पडला नाही.

चाचणीत खूण येणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढेच. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असे त्यातून ठरत नाही. तीव्र इसब असलेल्या मुलांत अशा खुणा वारंवार येतात. उलट पदार्थ विनाकारण दूर ठेवण्यात धोका आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप या ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ऍलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ऍलर्जी फारच कमी आढळली. अर्थात, खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे असे काही झाले असेल तर गोष्ट वेगळी. तसे आमच्याकडे कधीच झाले नव्हते, आणि आम्हाला हा प्रश्न कुणी चाचणीपूर्वी विचारला नाही.

दिवाळी

नरक चतुर्दशीला पहाटे छकुलीचे पहिले अभ्यंगस्नान झाले. सासूबाईंनी उटणे घरी कुटले होते. त्यात हळद, चंदन, नागरमोथा, कपूरकाचरी होती. लस येणाऱ्या कातडीवर हे खरखरीत उटणे चोळले जाऊ नये, हे मला दिसत होते. पण पहिली दिवाळी होती, सासरे ओवाळण्याचे तबक घेऊन उभे होते, आणि मी बोलले नाही. दोन दिवसांत पाठीपासून पावलांपर्यंत अंग पेटले. सासूबाईंनी ते जाणूनबुजून केले नव्हते. जे त्यांच्या सहा नातवंडांना चालले ते सातव्या नातीला चालणार नाही, हे त्यांना सांगणे माझे काम होते.

फेब्रुवारीतले दीड दिवस

मुंबईचा हिवाळा थोडाच असला तरी तेवढ्यात हवा कोरडी होते, आणि त्या वर्षी शेजारच्या इमारतीचे पाडकाम चालू असल्याने धूळही होती. छकुली रात्री पाच-सहा वेळा उठत असे. चाळीच्या भिंती पातळ. शेजारी तक्रार करत नसत, पण मी गॅलरीत तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना कुणाच्या तरी खोलीतला दिवा लागे.

ती चौदा महिन्यांची असताना एका शुक्रवारी संध्याकाळी तिला ताप भरला आणि गालांवर व मानेवर पाणीदार फोड आले. घरात सर्वांना वाटले, कांजिण्या. कडुनिंबाचा पाला आणला गेला, आंघोळ बंद झाली, कांजिण्यांत डॉक्टरांकडे न्यायचे नसते असे ठरले. शनिवारी ती दूध घेईना. रविवारी पहाटे मी तिला दिव्याखाली नीट पाहिले, तेव्हा फोड फुटून एकाच आकाराचे, पंचने पाडल्यासारखे गोल व्रण दिसले. ते जिथे इसब होता तिथेच दाटीने होते आणि पोटावरची निरोगी त्वचा मोकळी होती. कांजिण्या अशी जागा निवडून येत नाहीत. मी तिच्या बाबांना उठवले आणि आम्ही टॅक्सीने रुग्णालय गाठले.

निदान होते एक्झिमा हर्पेटिकम. ओठांवर तापाचे फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू इसबाच्या उघड्या त्वचेत शिरून झपाट्याने पसरतो. आदल्या आठवड्यात घरी आलेल्या एका नातलगाच्या ओठावर तसा फोड होता आणि त्यांनी बाळाचा पापा घेतला होता. शिरेतून विषाणूविरोधी औषध लगेच सुरू झाले, आणि फोड डोळ्याजवळ असल्याने नेत्रतज्ज्ञांनीही तपासले. डोळा वाचला होता. सहा दिवस आम्ही तिथे होतो.

ताप, दुखणारे एकसारखे फोड आणि इसब हे तीन एकत्र दिसले की तास मोजायचे असतात. आम्ही दीड दिवस घालवला.

पर्यायांचा विचार

सुटी मिळण्यापूर्वी विभागातील एका ज्येष्ठ डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना, म्हणजे सासूबाईंसह, समोर बसवले. सासूबाईंना बोलावण्याचा आग्रह त्यांचाच होता. त्यांनी सात प्रश्नांची पोएम नावाची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस लस आली, असे प्रश्न असतात आणि एकूण गुण ० ते २८ असतात. छकुलीचे २५ आले, म्हणजे अतितीव्र.

मी पोटात घ्यायच्या औषधांबद्दल विचारले. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पातळ औषध दिल्यास आठवड्यात अंग साफ दिसेल, पण बंद करताच आजार उसळून येण्याची शक्यता मोठी आहे, असे त्यांनी सांगितले. रोगप्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे तीव्र इसबात वापरली जातात, पण त्यांना रक्ततपासण्यांची देखरेख लागते आणि त्वचेवरचे उपचार पूर्ण मात्रेने करून पाहिल्याशिवाय तिकडे वळणे योग्य नव्हे. सासूबाईंनी कोकणात नेण्याचा पर्याय मांडला. गावी एक वैद्य आहेत आणि हवापालटही होईल. मॅडमनी त्यांना उडवून लावले नाही. गावी जायला हरकत नाही, मलमे सोबत न्या आणि तिथे कोणतेही बिननावाचे भस्म किंवा मलम लावू नका, एवढेच म्हणाल्या.

चौथा पर्याय सर्वांत साधा होता. तीच मलमे, पण पुरेशा मात्रेने. हे ऐकल्यावर माझा पहिला विचार असा होता की इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या मुलीला पुन्हा तेच? त्वचा पातळ होण्याचे मी पुन्हा विचारले. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. चेहऱ्यावर महिनोन्महिने तीव्र स्टिरॉइड चोळणे एक, आणि मध्यम शक्तीचे मलम ठरावीक दिवस, ठरावीक जागी, देखरेखीखाली लावणे दुसरे. मी पुढे वाचले की २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था), त्वचा पातळ झाल्याची नोंद ठेवणाऱ्या चाचण्यांतील २२६६ रुग्णांपैकी २६ जणांत ती आढळली, आणि त्यांतील बहुतेक जण अतितीव्र मलम वापरणारे होते. या चाचण्या थोड्या मुदतीच्या होत्या, हेही खरे. तरी माझ्या मनातले प्रमाण आणि हे प्रमाण यांत फार अंतर होते.

प्रत्यक्ष कृती

मॅडमनी माझ्याच तर्जनीवर रेघ काढून दाखवली आणि नंतर सासूबाईंच्या व तिच्या बाबांच्या हातून ती काढून घेतली. या पाच मिनिटांची किंमत मला आजही मोठी वाटते.

मलम रोज एकदा, त्वचा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत आणि त्यानंतर दोन दिवस, असे लावायचे होते. केवळ लाली गेली म्हणून थांबायचे नव्हते. त्यानंतर ज्या जागा वारंवार उठतात तिथे, त्या साफ दिसत असल्या तरी, मंगळवारी आणि शुक्रवारी लावायचे. मी प्रत्येक ट्यूबवर ती उघडल्याची तारीख लिहू लागले आणि कालनिर्णयच्या चौकटीत लावणाऱ्याचे आद्याक्षर लिहायचे ठरले. कुणी लावले, कुणी नाही, हा संशय त्या दिवसापासून संपला.

मॉइश्चरायझर आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम लागेल असे सांगितल्यावर मी खर्चाने दचकले. महागड्या क्रीमचा आग्रह मॅडमनी धरला नाही. २०२२ सालच्या एका ब्रिटिश चाचणीत ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार प्रकार वापरून पाहिले, त्यांत परिणामाचा फरक दिसला नाही. मुलाला चालेल आणि घराला परवडेल ते भरपूर लावावे, असा त्यांचा सल्ला होता. आम्ही हिवाळ्यात आणि रात्री पायांना साधी पांढरी पेट्रोलियम जेली वापरली. एप्रिलपासून मात्र तिच्याखाली घाम कोंडून खरेच घामोळे येऊ लागले, म्हणून उन्हाळा-पावसाळ्यात सुगंधविरहित हलके क्रीम घेतले. मुंबईत हा फेरफार करावाच लागतो.

आंघोळ बंद करायची नव्हती. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटे, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, टॉवेलने न घासता टिपणे आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. पहाटे नळ आला की आमच्या मोरीत सगळ्यांची घाई असते, म्हणून छकुलीची आंघोळ संध्याकाळी हलवली आणि तिच्यासाठी एक बादली वेगळी झाकून ठेवू लागलो. त्याचा एक फायदा असा झाला की दिवसभराचा घाम धुऊन ती शांत झोपू लागली.

रात्रीच्या ओरबाडण्यावर उपाय सासूबाईंनी काढला. त्यांनी आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची लांब बाह्यांची झबली शिवली आणि बाह्यांची टोके बंद केली, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली. असे झबले विकत कुठे मिळत नव्हते. धुरी त्यांनी स्वतःहून बंद केली. पदार्थ एकेक करून परत सुरू केले, अंडे आणि शेंगदाणा डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, आधी अगदी थोडे. काहीही झाले नाही. दीड महिन्यात वजन पुन्हा वाढू लागले.

पांढरे डाग

मे महिन्यात, चट्टे बसल्यावर, गालांवर आणि कोपरांवर फिकट पांढरे डाग दिसू लागले. कुणीतरी ‘कोड’ हा शब्द उच्चारला आणि घरातली हवा बदलली. मुलीची जात, पुढे लग्न, असे सगळे बोलणे एका संध्याकाळी झाले. मलमानेच रंग खाल्ला, असे सासरे म्हणाले. त्या रात्री मंगळवारचे मलम लावायचे होते आणि माझा हात थांबला.

या वेळी एक फरक होता. मी मलम परस्पर बंद केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात छकुलीला घेऊन गेले. इसबाची सूज ओसरल्यावर त्वचेचा रंग काही काळ फिका पडतो, सावळ्या त्वचेवर तो जास्त उठून दिसतो, आणि तो हळूहळू भरून येतो, असे तपासून सांगण्यात आले. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे आणि ठळक कडांचे असतात, हे फिकट आणि पुसट कडांचे होते. सहा महिन्यांत ते भरून आले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, कारण भीती तेवढीच होती आणि तरी मलम थांबले नाही.

परिणाम

पोएमचे गुण सहा आठवड्यांत ११ वर आले आणि वर्षभराने ५ वर. रात्री ती सलग झोपू लागली, आणि मीही. इसब गेलेला नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात गुडघ्यांमागे आणि जानेवारीत मनगटांवर तो उठतो; तेव्हा पाच-सात दिवस रोज मलम लावले की बसतो. पुढच्या दिवाळीला उटण्याचा एक टिळा तिच्या बाबांच्या हाताला आणि एक तिच्या पाटाला लावला, तिला तिचे क्रीमच लावले, आणि ओवाळणी नेहमीसारखी झाली. हे सासूबाईंनीच ठरवले होते.

एक गोष्ट अजून सलते. चाळीतली मुले तिला खरूज आहे असे समजून खेळायला घेत नसत. बालवाडीत प्रवेशाच्या वेळी हा आजार संसर्गजन्य नाही असा दाखला मागितला गेला. तो आम्ही दिला, पण बाईंना भेटून तिच्या क्रीमची डबी आणि घाम आल्यावर चेहरा नुसत्या पाण्याने धुण्याची गरज समजावल्याचा उपयोग दाखल्यापेक्षा जास्त झाला.

वेगळे काय करता आले असते

केमिस्टकडे जाण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवे होते, हे उघड आहे. पण मी सर्वांत जास्त वेळा परत जाते ती सप्टेंबरातल्या त्या दवाखान्यात. तिथे मी ‘स्टिरॉइड आहे का’ हे विचारले. मी विचारायला हवे होते, ‘एका वेळी किती, ट्यूब किती दिवसांत संपायला हवी, आणि कधी थांबायचे?’ ट्यूब संपण्याचा दिवस चिठ्ठीवर लिहिलेला असता, तर त्या दिवसानंतरही उरलेली ट्यूब पाहून माझ्यासारख्या हिशेबनिसाला चूक लगेच दिसली असती. मात्रेबद्दल बोलताना डॉक्टरांनी पालकांची भीती आधी विचारून घ्यावी असेही मला वाटते; ताईंच्या चेहऱ्याची गोष्ट मी तेव्हा सांगितली असती तर उत्तर कदाचित चार शब्दांत संपले नसते.

दुसरे, मलम लावणारी सगळी माणसे पहिल्याच भेटीत समोर असायला हवी होती. सासूबाई अडथळा होत्या असे मी तेव्हा मानत होते. त्यांना फक्त माझ्या तोंडून, तेही अर्धवट, सगळे कळत होते. तिसरे, ओठावर फोड असलेल्या कुणालाही बाळाजवळ येऊ न देणे. नातलगाला हे सांगायला संकोच वाटतो. आता मी सांगते.

छकुली येत्या डिसेंबरात चार वर्षांची होईल. गेल्या भेटीत मॅडमनी मंगळवारची खूण काढून फक्त शुक्रवार ठेवला आहे. सध्याची ट्यूब २ ऑगस्टला उघडली आहे. पाऊस संपून ऑक्टोबरचा उकाडा या मात्रेवर निभावला, तर शुक्रवारचेही काय करायचे ते दिवाळीनंतरच्या भेटीत ठरेल.